बुधवार तेवढा उरला होता

माहेर माहं अनसिंगजवळच्या वाडीतलं. घरी कोरडवाहू वावर अन् आमी चार बहिनी, पन मायनं आमाले कधी उपाशी ठेवलं नाई, हे पयले लिहा, नाईतर लोक म्हनतात गरिबीनं वाळली असन. गरिबीनं नाई वाळली, कौतुकानं वाळली. माय फक्त एकच शिकवे, का पोरीच्या जातीनं पाहुन्यापुढं दुसरी भाकर मांगू नाई, अन् मले पाहाले आले तवा मी अर्ध्या भाकरीवर हात धुतला, तर होनारी सासू म्हने, पोरगी चिमनीवानी खाते, घरात बरकत राहीन. काय सांगू तुमाले, पाहुने गेल्यावर मी चुलीमागं बसून अडीच भाकरी खाल्ल्या, पन ते कोनी पाह्यलं नाई, अन् चिमनीचं नाव माह्यावर पक्कं झालं.

सासर वाशीमपासून चार कोसावर. घरात सासू, मालक, जेठ अन् जेठाची बायको द्वारकाबाई, म्हंजे माह्या मोठ्या जाऊबाई. ह्या बाई बसल्या का झुनक्यासंग तीन भाकरी खायच्या अन् चौघींचं काम एकटीनं करायच्या, तर त्याइचं काम कोनी मोजे नाई, भाकरीच मोजत. सासू त्याइच्या ताटाकडं पाहून मले म्हने, बाई, तू हायेस म्हनून कोठी टिकते. बस, मले त्या बोलन्याची चटक लागली. कोनाले तंबाखूची लागते, मले नाई खायाची लागली.

पयले सोमवार धरला, महादेवाचा. मंग मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार लक्ष्मीचा, शनिवार मारोतीचा, आयतवार सूर्याचा. बुधवार तेवढा उरला होता. तो कोन्या देवाले द्यावा म्हनून भटजीबोवाकडं गेली, ते शिरा खाऊन राह्यले होते. बोट चाटत म्हनले, बाई, बुधवारी जेवत जा, म्या सांगतो, पाप लागलं तर माह्यावर. मी घरी येऊन बुधवार गनपतीले देऊन टाकला. देवानं कोनाले म्हटलं नाई का माह्यासाठी मर, हे मी आज भर बजारात सांगतो, पन तवा देवाचं नुसतं नाव होतं, मले त्या वाळन्यातच गोडी लागली होती. फराळाची भगर पुढं आली का दोन घास चिवडायचे अन् बाकीची पदराखाली गोठ्यात. आमची म्हैस सहा महिन्यांत अशी फुगली का जेठ म्हने, हिले एकादशी पावली.

कासार आला बांगड्या भराले. माह्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत अन् ते पाहून मले बरं वाटे, आज एक बोट वर गेली, आज दोन बोटं. कासारानं हात दाबून पाह्यला अन् पेटीतून लहान पोरीच्या मापाच्या काढल्या. शेजारची मथुरामावशी म्हने, काहून रे दादा, बाहुलीच्या आनल्या का? मी तर खूश झाली. इतकी येडी होती मी.

मंग पाळी बंद पडली. अन् वैशाखात, जवा कुत्रेही सावली सोडत नाईत, तवा मी घोंगडी पांघरून थरथरत बसे. सासूले वाटलं दिवस गेले. बुडीनं गल्लीभर सांगून टाकलं, कवठ आनलं, चिंचा आनल्या, कोरी चोळी शिवाले टाकली. सहा महिने झाले, सात झाले, पोट पाठीले लागलेलं. बुडी म्हने, काई काई पोरं उशिरा दिसतात. गल्लीतल्या बाया येऊन माह्या पोटाकडं पाहत अन् निंघून जात. जाऊबाई तेवढ्या म्हशीकडं पाहत.

त्याच दिवसांत वावरात कापसाच्या पऱ्हाटीचं खुट पायात घुसलं. तसंच खुट जाऊबाईच्याही पायात घुसलं होतं, त्याइचं आठ दिवसांत भरलं, माहं दोन महिने वाहे. घरात खरूज आली, सगळ्याइची गेली, माही राह्यली. ताप आला, सगळे तीन दिवसांत उठले, मी एकवीस दिवस पडून. केस फनीत बुचकाभर येत. सासू म्हने नजर लागली, मिरच्या ओवाळल्या, कोंबडं ओवाळलं, अन् ते कोंबडंही दुसऱ्याच बाईनं खाल्लं.

शेवटी मालकानं बैलगाडीत घालून वाशीमच्या दवाखान्यात नेलं, जाऊबाई संग. डॉक्टरनं पाय पाह्यला, डोळे पाह्यले, अन् मले इचारलं, बाई, तुमच्या गावात जागल्या हाय का? म्हटलं हाय. त्याले गाव धान्य देते का? देते. सहा महिने नाई देलं तर? म्हटलं, पहारा सोडून देईन. म्हने, मंग घरात चोर शिरले तर चोराले काहून शिव्या देता? आंगातले जागल्येही भाकरीवरच जागतात, तुमी त्याइले उपाशी मारलं, म्हनून जखम भरत नाई, ताप जात नाई, पाळी येत नाई. अन् बाहेर मालकाले सांगितलं, खायाले लागली नाई तर पुढचा ताप हिले नेईन. ते मले ऐकू आलं.

तुमी म्हनसान, मंग खाल्लं असन. नाई खाल्लं. हे लोकाइले समजत नाई म्हनून मले राग येते. मराचं भेव होतं, पन भाकरीचं भेव त्याहून मोठं. घास तोंडात लोकरीवानी फिरे, खाली उतरे नाई. मालक रडले, सासूनं पाय धरले, मी म्हनलं व्रत मोडत नाई.

जाऊबाई म्हनल्या, बरं, नको मोडू. अन् दुसऱ्या दिवशी मथुरामावशी हळदकुंकू घेऊन दारात. म्हने, माह्या सोळा सोमवाराचं उद्यापन राह्यलं, सवाष्न म्हनून तू ये. आता आमच्याकडं असं हाय, का सवाष्न देवीच्या जागी, तिचं पान रिकामं झाल्याबिगर घरच्या बाईनं घास घ्यायचा नाई, अन् सवाष्न उपाशी उठली तर त्या घरच्या बाईचं सारं व्रत वाया. सात देवाइची बाई दुसरीचं व्रत कशी बुडवीन? गेली. पाटावर बसली. तर पानात पुरन नाई, वाटीभर पातळ कण्या अन् ताक. डॉक्टरनं जाऊबाईले बजावलं होतं, उपाशी पोटावर एकदम भडिमार केला तर तोही जिवावर येते, थोडं थोडं द्या. मी म्हनलं, मावशी, उद्यापनाले कण्या कोन्या शास्त्रात? मावशी म्हने, मले काय पुसतं वं, द्वारकीले पूस, मी कालपासून पान्यावर हाय, खा लवकर.

खाल्लं. रडत रडत, दुपार कलली तरी वाटी सरेना, अन् मावशी समोर पोट धरून बसलेली, मले शिव्या देऊन राह्यली अन् हळदकुंकूही लावून राह्यली. दुसऱ्या दिवशी कुंभाराच्या घरचं उद्यापन. तिसऱ्या दिवशी तेलिनीचं. ज्याइनं जन्मात उपास केला नाई त्याइचेही उद्यापनं निंघाले. महिनाभर मी दारोदार देवी होऊन कण्या खाल्ल्या, मंग वरन, मंग अर्धी भाकर. पाय भरला. बऱ्याच महिन्यानं पाळी आली तर सासू डोळे पुसत म्हने, गेलं वं माय लेकरू. दोन वर्सानं खरंच पोरगी झाली तवा बुडीले पटलं.

आता मी गावोगाव फिरतो, बायाइले खडसावतो. कोनी म्हनलं, आमची सून कमी खाते, का मी तिच्या दारातच भांडतो. मागच्या महिन्यात जाऊबाईच्या पोरीले पाहाले आले, त्याइनं इचारलं पोरगी किती खाते. म्हटलं, तीन भाकरी, अन् चौथी मांगितली तर द्या लागीन. सोयरीक मोडली. जाऊबाई चार दिवस बोलल्या नाईत. पोरगी म्हने, काकू, मी तं दोनच खातो. म्हटलं, पाहुन्यापुढं तीनच सांगायच्या.

बरी झाली म्हनून रोग गेला असं समजू नका. आजही कोनी टोचून बोललं का पयला हात ताटावरून उठते. मंग जाऊबाई नुसत्या पाहतात, अन् मी परत बसतो. आता ते कागद ठेवा बाजूले, हात धुवा. आत्ताच खाल्लं, पित्त झालं, आज वार हाय, हे मले सांगू नका, हे सगळे बहाने मी वापरून जुने केले. वरन उतरलं हाय, बसा.