पडद्यावरचा दुश्मन

लातूर नवा जिल्हा झाला त्या दुष्काळी साली जळकोटजवळच्या एका गावच्या शाळेतल्या शिक्षिका इंदूबाई गावोगाव सिनेमा दाखवणारी सरकारी गाडी मागायला प्रचार कार्यालयात गेल्या. रांगेत त्यांच्यापुढं जळकोटचीच एक म्हातारी आणि तिच्याकडं आलेली पाहुणी बोलत होत्या.

“दानम्मा, तोच लढाईचा सिनेमा पुन्हा कशाला गं?”

“त्यात आमचे मालक हायेत, शांतम्मा.”

“फौजेत होते?”

“न्हाई. शूटिंगवाले आले तवा दुश्मन व्हायला गावात कुणी तयार होईना. मग हेच झाले.”

“अगं बाई.”

“गाववाले काठ्या घेऊन मागं लागतात. हे ओढ्यात पडून मरतात, अन् मरताना सुदिक मिशीला पीळ देतात.”

“घरी फोटू लाव की त्यांचा.”

“कधी काढलाच न्हाई. जाऊन आठ वर्सं झाली.”

तेवढ्यात कारकून म्हणाला, “गाडी एकच आहे. या आठवड्यात एकाच गावाला मिळेल.”

इंदूबाईंनी आपला अर्ज पिशवीत घातला. “जळकोटला पाठवा. तोच लढाईचा सिनेमा लावा. आम्ही पोरं घेऊन तिकडंच येतो.”

दानम्मा मागं वळली.

“या बाई. पण पोरांना सांगा, पडद्याला दगुड मारू नका. मागच्या खेपेला ह्यांना लई लागले.”