काकांचं अंड्यांचं गणित

गुजरातेत हजीऱ्याला राहून बोलताना मधेच हिंदीवर घसरणारे आमचे काकासासरे म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर आणि सोवळं एकदम कडक. मी पहिल्यांदाच इटालियन केक केला, खुसखुशीत पारीत कस्टर्ड भरून भाजलेला, आणि नेमके त्याच दिवशी ते टपकले. मी आत चहा टाकत होते, तेवढ्यात आमच्या ह्यांनी त्यांना केक वाढलासुद्धा. बाहेर येऊन बघते तो काका दुसरा तुकडा संपवून बोटं चाटताहेत!

"अहो काका, त्यात अंडी आहेत!" मी किंचाळलेच. हे पांढरेफटक पडले.

काकांनी शांतपणे विचारलं, "कितनी?"

"तीन."

"आणि तुकडे किती केलेस?"

"आठ."

काका मनाशी काहीतरी पुटपुटले. "म्हणजे अजून एक अख्खं अंडंसुद्धा पोटात गेलं नाही. असं अर्धवट बाटण्यात काय अर्थ? ला, और एक दे."