उजव्या बाहीचं माप

— हलू नका हं ताई, टाचण्या आहेत. हात असा बाजूला... हां, अस्साच. उजवी बाही सैल आहे — दिसतंय मला, आंधळी नाही मी. डावी चापून बसलीय आणि उजवी सैल, म्हणजे शिवणारीचा हात चुकला, असंच वाटलं ना तुम्हाला? वाटणारच. बत्तीस वर्षं या मशीनवर बसतेय, बाही चुकलेली नाही अजून. कापडच तसलं आहे, ओढलं जातं. करते कमी. ड्रेस शुक्रवारच्या आत हवाय म्हणालात, मिळेल. आठ वाजता समोरच्या हॉटेलात पोचायचं म्हणजे सातला तरी अंगात हवा... मला कसं ठाऊक समोर ते? अहो, तुम्हीच नाही का म्हणालात आत्ता? — नाही म्हणालात? मग... मग शुक्रवारी सगळं गाव तिथेच जातं, म्हणून म्हटलं. हनुवटी वर.

ब्रासरी म्हणायचं हं त्याला. हॉटेलच आहे, पण हॉटेल म्हटलं की मालकाचं तोंड आंबट होतं. मी? मी कशाला जातेय! पण माहिती विचारा. वेटरांचे काळे एप्रन माझ्याच हातचे, द्यायला गेले तेव्हा सगळं बघून आलेय — छतापर्यंत आरसे, पितळेचा कठडा, टेबलं इतकी चिकटून की शेजारच्याच्या ताटात आपलं कोपर. आणि गलका! शुक्रवारी पियानोवाला येतो, मग तर समोरच्याच्या कानाशी वाकल्याशिवाय बोलणं नाही. आणि ते बरंच की — ज्याच्या तोंडून एरवी दोन शब्द निघत नाहीत, त्यानं जरा वाकावं तरी, असं आपलं मला... तुमच्यासाठी म्हणतेय. बाहेर फळ्यावर खडूनं लिहितात रोज काय आहे ते, मी सकाळी दुकान उघडायच्या आधी वाचून येते. कांद्याचं सूप घेऊ नका. वर चीज असतं, त्याचे धागे निघतात, पहिल्याच भेटीत हनुवटीला लोंबलेले बरे दिसत नाहीत. भाजलेली कोंबडी घ्या. काट्या-सुरीनं जमते. मी घरी उकडलेल्या बटाट्यावर हात बसवला आठ दिवस — हसू नका, टाचणी लागेल.

तुम्हाला तिथे नेणारे कोण, नाव सांगू नका त्यांचं. घड्याळवाले. आमच्या रांगेतलं तिसरं दुकान, मला नाही कळणार? कोटाचं बटण लावायला येतात माझ्याकडे. सहा वर्षांत त्या एका कोटाची बटणं मी इतक्यांदा लावलीत की मला वाटायला लागलं, माणूस घरी बसून तोडतो की काय! येतात, त्या तिथे स्टुलावर बसतात, बटण लागेपर्यंत बोलत नाहीत, आणि जाताना म्हणतात, 'छान लावलंत.' बटण ते! त्यात छान काय लावायचं असतं? पण मी ते दोन शब्द दिवसभर पुरवून खायची... तुम्ही कुठे भेटलात त्यांना? भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला? किती दिवस? — तीन महिने! एका घड्याळाला तीन महिने! माझं तर उभ्या उभ्या करून दिलं हो. मी सगळ्यांना सांगत फिरले, माझं काम ते आधी करतात म्हणून. आणि आता कळतंय. आम्ही धंदेवाले लोक, ताई, ज्यानं पुन्हा पुन्हा यावं असं वाटतं ना, त्याचंच काम लांबवतो. मी नाही का त्यांचं बटण... जाऊ दे. वळा.

मागच्या महिन्यात आले ते बटणासाठी नाही. हे मोरपंखी कापड घेऊन आले. कानापर्यंत लाल. 'त्या समोरच्या ठिकाणी काय घालून जातात हो?' मी म्हटलं, लांब बाह्यांचा ड्रेस शोभेल. मग म्हणाले, 'तुमच्याच मापाचा शिवा.' — तुमच्याच मापाचा! आणि पळाले. आता मला सांगा, याचा अर्थ कुठल्या बाईनं काय घ्यायचा? 'माझ्या ओळखीच्या एक आहेत, तुमच्याच बांध्याच्या,' एवढं म्हणायला जीभ झडत होती का? मी दुकानाचं दार लावून घेतलं आणि आरशासमोर स्वतःचं माप घेतलं. तीनदा. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! कात्री उजव्या हातात, लोखंडी इस्त्री उजव्या हातात, बत्तीस वर्षं — माझा उजवा दंड डाव्यापेक्षा पाऊण इंच भरतो. म्हणून माझ्या स्वतःच्या कपड्यांना उजवी बाही मी सैल कापते. आता कळलं? कापडाला बोल लावला मघाशी, ते खोटं. शिवणीत हात घाला, खिसा लागेल. गिऱ्हाइकाला नाही देत मी असला खिसा.

सोमवारी न्यायला आले. मी कागदात बांधून दिला त्यांच्या हातात — आता हसतील, आता परत माझ्याच हातात ठेवतील, म्हणून हात मागे घेतलाच नाही. ते 'आभारी आहे' म्हणाले आणि गेले. मी आपली उभी, हात पुढे करून. नंतर आलेल्या बाईला वाटलं, मी तिच्याच पिशवीसाठी हात केलाय. तिनं ठेवली पिशवी.

अहो, रडताय काय, डाग पडेल! आणि काढू नका तसा, टाचण्या टोचतील. परत करते म्हणे! आणि मी काय करू, घालून त्या फळ्यासमोर उभी राहू? मला नको दया. राग आहे माझा तुमच्यावर, चांगला सणसणीत आहे, तो तेवढा राहू दे माझ्याकडे. तुम्हाला दिसतोही हो मेला माझ्यापेक्षा बरा. आत पडद्यामागे बदला, खुर्चीवर ठेवा. परवा या न्यायला. आणि तुम्हीच या, त्यांना पाठवू नका.

झालं? हां. — एक सांगू? टेबल आतल्या बाजूचं मागा, आरशांकडचं. खिडकीतलं नको. ...नाही, वारा-बिरा काही लागत नाही तिथे, काच जाड आहे. मला इथून दिसतं.

या आता. दार ओढून घ्या.