चार वाहिन्या आणि एक खोटं कारण

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय श्री. फान ओस्तेन, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती श्रीमती चित्स्के होकेमा आणि रेडिओ-लहरी नियोजन कार्यालयातील बंधुभगिनींनो,

मी मारिनुस क्लूत, वेस्टरहुक गावच्या बचाव नौकेचा प्रमुख. आपल्यासारख्या तज्ज्ञांसमोर मी काय बोलणार? पण एकेकाळी होकेमाबाईंना दारातूनच परत पाठवायला निघालेला माणूस मीच, म्हणून हा मान मला मिळाला असावा.

एक्क्याण्णव साली बाई आमच्याकडे आल्या. युरोपातल्या कुठल्याही देशात गेलं तरी खिशातला पेजर वाजावा, यासाठी सगळ्या देशांनी रेडिओ लहरींचा एकच पट्टा, त्यातल्या निदान चार वाहिन्या, मोकळ्या ठेवायच्या ठरल्या होत्या. त्यातल्या एकीवर आमची नौका वीस वर्षं बोलत होती. ती सोडून नवी घ्या, हे सांगायला या कार्यालयाने बाईंना पाठवलं होतं.

मी म्हणालो, "व्यापाऱ्यांच्या खिशात शिट्टी वाजावी म्हणून आम्ही मुकं व्हायचं का? या आता."

आतून बायकोने हाक दिली, "अहो, बाईंना आधी बसू द्या. कॉफी टाकलीये."

माझी बायको योझिना तेव्हा मूत्रपिंडाची वाट पाहत होती. मूत्रपिंड मिळालं की बोलावता यावं म्हणून रुग्णालयाने दिलेला पेजर सीमेपलीकडे मुका व्हायचा. बहिणीचं घर बेल्जियममध्ये, अर्ध्या तासावर, पण दोन वर्षांत ती तिकडे फिरकली नव्हती. तिने विचारलं, "नवा पेजर तिकडेही वाजेल?"

"वाजायलाच हवा. नाहीतर ही सगळी यातायात कशाला?" बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "पण नवी वाहिनी समुद्रात नीट ऐकू येत नाही तोवर तुमची जुनी मी बंद करणार नाही."

आता एक कबुली देतो. मी थाप मारली. "नव्या वाहिनीचा आवाज दीपस्तंभामागे पोहोचत नाही," असं ठोकून दिलं. वाटलं, कागद घेऊन परत जातील. बाई अकरा दिवस आमच्या नौकेवर फिरल्या. लाटांनी त्यांचे काय हाल केले ते सभ्य सभेत सांगत नाही. दीपस्तंभामागे आवाज स्वच्छ होता. पण पुढे वाळूच्या दांड्याजवळ, जिथे दरवर्षी कुणाची ना कुणाची होडी रुतते, तिथे खरोखरच काही ऐकू येईना.

मुदत संपत आली होती. जुनी वाहिनी बंद करायच्या कागदावर सही उरका, असा त्यांच्या वरिष्ठांचा माझ्यासमोर फोन आला. बाई शांतपणे म्हणाल्या, "सही माझी आहे साहेब. उद्या तिथे कुणी बुडाला तर तोही माझाच."

मग आमचा वायरलेसचा मनोरा उंच झाला, दांड्यावर आवाज पोहोचला आणि मगच सही झाली. अहवालात बाईंनी लिहिलं, 'श्री. क्लूत यांच्या सूचनेवरून केलेल्या चाचणीत दोष आढळला.' माझी थाप त्यांनी केव्हाच ओळखली होती, पण कुणाला चकार शब्द बोलल्या नाहीत. मी महिनाभर त्यांच्या नजरेला नजर देऊ शकलो नाही.

शहाण्णवच्या एका दुपारी योझिना बहिणीच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. नवा पेजर वाजला. दोघी हातात सुरी तशीच घेऊन रस्त्यावर आल्या, असं शेजारी अजून सांगतात. संध्याकाळी ती शस्त्रक्रियेच्या टेबलावर होती. आज ती तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि मी फार बोलतोय म्हणून डोळे वटारते आहे.

मघाशी चहाच्या वेळी कुणीतरी म्हणालं, मोबाइल आले, पेजर गेले, बाईंचे कष्ट वाया गेले. त्या गृहस्थांना माझी विनंती, तिसऱ्या रांगेत जाऊन हे एकदा तिच्या तोंडावर सांगा.

अध्यक्षमहाराज, आपण मला इथे उभं केलंत, आपला आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर दर्यावरचा माणूस म्हणून पदरात घ्या. मला वायरलेसवरच बोलायची सवय. तिथे आपलं बोलून झालं की बटण सोडावं लागतं, नाहीतर समोरच्याचं ऐकूच येत नाही.

बाई, मी बटण सोडलं. आता तुम्ही बोला.