सगळ्या वर्गाची आजी

बारामती-इंदापूर एसटीत लेखन चाचणीला निघालेली प्रज्ञा आजोबांना पाठ केलेला निबंध म्हणून दाखवत होती. पुढच्या सीटवर एक बाई मागचं बोलणं ऐकत वर्तमानपत्राचं एकच पान कधीपासून वाचत होत्या.

“माझी आजी. तिचे केस कापसासारखे पांढरे आहेत.”

“तुझ्या आजीचं तर शेवटपातूर काळं हुतं.”

“आबा, सरांनी सगळ्या वर्गाला हीच आजी दिलीय.”

“ती चालत्या ट्रॉलीतनं ऊस उपसायची, त्ये हाय का त्यात?”

“न्हाय. ती आरामखुर्चीत बसून गोष्टी सांगते.”

“बसून? ती बसली कवा?”

“मग ट्रॉलीचं लिहू?”

“नगं बाय. मार्क जात्याल.”

तेवढ्यात कारखान्याकडं निघालेली उसाची ट्रॉली एसटीला खेटून आली.

“आबा, कसा उपसायची ओ?”

आबांनी खिडकीतून हात बाहेर काढला.

“ओ बाबा, हात आत घ्या!” कंडक्टर ओरडला.

“तिलाबी समदी असंच वरडायची.”

प्रज्ञानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

“माझी आजी. तिचे केस शेवटपर्यंत काळे होते.”