रोम कशानं बुडालं

रेशनच्या रांगेत माझ्या मागं उभा असलेला संजीव मास्तर क्षणभर गप्प बसेल तर शपथ. पुढं कौशल्याचा अंगठा मशीन घेत नव्हती, अन् तांदळाची आज शेवटची तारीख.

"रोममध्येही असंच फुकट धान्य वाटलं, आजी. लोक आळशी झाले, राज्य बुडालं."

"अन् आताच्या युरोपात?"

"तिथं शाळा, दवाखाना सारं फुकट. म्हणून तर पुढं गेले!"

"मंग ते काहून आळशी नाही झाले?"

"ते वेगळं आहे, आजी."

"नाही घेत व मावशी," दुकानदार म्हणाला. "बाजूले व्हा."

"चिखलात धानाचे रोवणे करून करून रेघाच नाही राहिल्या, भाऊ," कौशल्या म्हणाली.

मी तिचा हात धरून मास्तरच्या नाकापुढं नेला.

"पाह्य बाबू. आळशी बाईचा अंगठा असा झिजते काय रे?"