हाजीकाकांना आवडलेला समोवार

…आणि वर मलाच म्हणतात, ताहिरा, तू आपल्या माणसांची अब्रू घालवलीस. मी? मी घालवली? अहो, तुम्हाला सांगते, मी फक्त कौतुक केलं. मोजून चार वस्तूंचं. तेही ईदच्या दिवशी, डोक्यावर ओढणी घेऊन, गोड आवाजात. कौतुक हा गुन्हा असेल तर आमच्या हाजीकाकांना एव्हाना जन्मठेप व्हायला हवी होती.

हाजीकाका म्हणजे हाजी एवज. आमच्या डँडेनॉंग उपनगरातल्या हजारा जमातीच्या निर्वासितांचे पुढारी. त्यांना निवडून कुणी दिलेलं नाही, ते सगळ्यांच्या आधी बोटीतून उतरले एवढंच. आता गझनीहून, क्वेट्ट्याहून नवं कुटुंब आलं की विमानतळावर कोण जातं? मी. घर शोधायचं, बँकेत खातं उघडायचं, डॉक्टरांचं कार्ड काढायचं, कचऱ्याचा कुठला डबा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा, कांदा परतला की छतावरचं ते धुराचं यंत्र का बोंबलतं… सगळं मी, कारण ती माझी नोकरी आहे. आणि तिसऱ्या दिवशी, घर लागलं की, हाजीकाका येतात. स्वागताला. हातात काय? जपमाळ. गादीवर बसतात, घरभर नजर फिरवतात आणि म्हणतात, “वा, काय सुरेख वस्तू आहे.”

झालं. आमच्यात पाहुण्यानं वा म्हटलं की यजमानानं म्हणायचं, “तुमचीच समजा, घेऊन जा.” मग पाहुण्यानं म्हणायचं, “छे छे, तुमच्याकडेच शोभते.” सगळे खूश, सुई इकडची तिकडे होत नाही. हाजीकाका तेवढं शेवटचं वाक्य म्हणत नाहीत. ते म्हणतात, “बरं, तुमचा आग्रहच आहे तर.”

आम्ही आलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते. माझ्या बाबांच्या बोटात फिरोज्याची अंगठी होती, आजोबांची. “वा,” म्हणाले हाजीकाका. “तुमचीच समजा,” म्हणाले बाबा. त्या दिवसापासून ती अंगठी हाजीकाकांच्या करंगळीत आहे आणि माझ्या डोक्यात आहे. चौदा वर्षं. मी म्हणायचे, बाबा, परत मागा. बाबा म्हणायचे, “मोठ्या माणसाकडे असं काही मागत नाहीत.” का मागत नाहीत? कुणी ठरवलं? विचारलं की बाबा दाढी खाजवतात.

असो. मी सांगत होते नेकबख्त खालांचं, म्हणजे मावशींचं. सत्तरीच्या, एकट्या. मागे कुणी उरलंच नाही म्हणून एकट्या. सामान एक सुटकेस, आणि सुटकेसमध्ये रजईत गुंडाळलेला पितळी समोवार, चहाचं पाणी उकळायचं तोटीचं भांडं, लग्नात मिळालेला. दोन देश ओलांडले, कपडे टाकले, भांडी टाकली, तो नाही टाकला. पहिल्याच आठवड्यात आमच्या ऑफिसातली हेलन फॉर्म घेऊन आली. हेलन विचारते, “आजी, हीटर हवा?” खाला लाजून म्हणतात, “नको गं बाई, तुला कशाला त्रास.” आता मी दुभाषी, माझ्या मनाचं घालता येत नाही. मी सांगितलं, नको. हेलननं लिहिलं, नको. फ्रिज? “राहू दे गं.” लिहिलं, नको. पलंग? मी टेबलाखालून पाय दाबतेय, तर खाला मला म्हणतात, “पाय दुखतोय का बेटी?”

नंतर दोन महिने मी त्यांना शिकवत होते. खाला, या देशात पहिल्या फटक्यात हो म्हणायचं. इथे नको म्हणजे नको. कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही. फ्रिज आला, पलंग आला, हीटरचा फॉर्म अजून फिरतोय. पण खाला तयार होत होत्या हो… आणि तेवढ्यात हाजीकाका स्वागताला गेले. उशिराच गेले, पण गेले.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तर खाला पातेल्यात चहा उकळतायत. कोपऱ्यातल्या स्टुलावर समोवारच्या बुडाचा गोल डाग होता, आणि त्या डागावर खालांनी काहीही ठेवलं नव्हतं.

“समोवार कुठेय?”

“हाजीसाहेबांना आवडला.”

“म्हणून दिलात?”

“मी म्हटलं, तुमचाच समजा. दुसरं काय म्हणतात?”

त्यांनी पातेल्यातला चहा गाळला, एक घोट घेतला आणि उरलेला बेसिनमध्ये ओतला. बस, तेव्हाच मी ठरवलं. आईबाबांच्या घरी जाऊन बाबांना म्हटलं, मी काही मागणार नाही, काळजी नको. मी कौतुक करणार आहे.

ईदला हाजीकाकांचं घर सगळ्यांना खुलं. दिवाणखाना कसला, संग्रहालय आहे ते. हे घड्याळ मुर्तझाच्या घरचं, तो गालिचा शिरीनच्या माहेरचा, आणि मधोमध खालांचा समोवार, वाफा सोडत. चाळीस माणसं बसलेली, बाबा मौलवींच्या शेजारी. मी खालांना हाताला धरून आत नेलं, बसवलं, आणि म्हटलं, “वा, हाजीकाका. काय सुरेख समोवार आहे.”

हाजीकाकांच्या तोंडात बदाम. सवयीनं म्हणून गेले, “तुझाच समज बेटी, घेऊन जा.”

“बरं. तुमचा आग्रहच आहे तर.”

हाजीकाका हसले. “पोरगी थट्टा करते.” कुणीच हसलं नाही. मग म्हणाले, “उकळतं पाणी आहे गं त्यात.” म्हटलं, “घाई नाही. निवेपर्यंत बसते.”

आता बसल्या बसल्या माणूस काय करणार? इकडे तिकडे बघणार. म्हटलं, घड्याळ काय छान आहे. हाजीकाका हळू आवाजात, “तुझंच समज.” आईनं माझ्या मांडीला असा चिमटा काढला, अजून निळा आहे. तेवढ्यात मागून आवाज, “गालिचाही बघ गं, मऊ आहे.” कोण? तर सुघराकाकू, हाजीकाकांची बायको. वीस वर्षं त्या सगळ्यांवरची धूळ त्या एकट्या झटकतायत. मी म्हटलं, वा, काय गालिचा. “तुझाच,” म्हणाले हाजीकाका, आता तर पुरतं वाक्यही निघेना.

आणि मग मी म्हटलं, “हाजीकाका, अंगठी किती सुंदर आहे.”

निघेना हो ती. बोट सुजलेलं. सुघराकाकूंनी भांडी घासायचा साबण आणला, मग तेल, मग तूप. चाळीस माणसं मान वाकडी करून बघतायत. निघाली शेवटी. मी ती बाबांच्या पुढ्यात ठेवली आणि समोवार कडेवर घेऊन खालांबरोबर राणीसारखी बाहेर पडले.

काय झालं असेल? दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा अर्धा किलो पिस्ते आणि ती अंगठी घेऊन हाजीकाकांच्या दारात. “पोर आहे, माफ करा.” मुर्तझाच्या घरचे म्हणाले, घड्याळ नको, दर तासाला ठणाणा करतं. गालिचा तर मी काढलाच नव्हता, त्यावर वीस माणसं बसली होती. ठीक आहे. मला काय, मला समोवारशी मतलब.

तो मी खालांच्या स्टुलावर, डागावर बूड जुळवून ठेवला. खालांनी पितळ लिंबानं घासलं, पाणी चढवलं, वेलदोडा टाकला, मला पहिला प्याला दिला. खडीसाखर दाताखाली धरून मी घोट घेतला… अहो, काय सांगू, दिवसभराचा शीण, आईचा चिमटा, सगळं उतरलं. आणि माझ्या तोंडून निघालं, “वा, खाला. काय समोवार आहे.”

जीभ चावली मी. पण खालांचे डोळे चमकलेच. “तुझाच समज बेटी, घेऊन जा.”

“छे छे, तुमच्याकडेच शोभतो.” किती वेळा म्हटलं मी ते वाक्य? दहा वेळा. खाला कशाला ऐकतायत. “तूच शिकवलंस ना, या देशात पहिल्या फटक्यात हो म्हणायचं?” आणि माझ्या मागोमाग बसमधून स्वतः समोवार घेऊन आल्या.

आता तो माझ्या फ्लॅटमध्ये आहे. खाला रोज चारला येतात. मी त्यांच्यासमोर ठेवते, म्हणते, बोला, कसा आहे? एकदा वा म्हणा हो, मी लगेच तुमचाच म्हणते. खाला तीन प्याले पितात, प्याला उपडा ठेवतात आणि म्हणतात, “बरा आहे. गझनीला याहून चांगले मिळायचे.”

काल हीटरचा फॉर्म फिरून परत आला. हेलननं विचारलं, “आजी, हीटर हवाय का आता?” खालांनी या वेळी लाजणं नाही की काही नाही, पहिल्या फटक्यात सांगितलं, “नको. हिवाळाभर मी ताहिराकडेच असणार.”

भाषांतर मीच केलं.